शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांचा आजवर पाण्याशी संबंध आला तो रेडिएटरपुरता. त्यामुळे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, रविवारी सकाळी दहा वाजता, गर्दीने फुललेल्या किनाऱ्यावर, अंगाला सालीसारखा चिकटलेला रबरी पोशाख घालून, ते एका लांब फळीवर पालथे पडून दोन्ही हातांनी कोरडी वाळू मागे लोटत होते, तेव्हा त्यांच्या तोंडावर एक वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं. गिळावंच लागणार होतं, कारण तसा करार होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेले निम्मे त्यामुळे रस्ता जपून ओलांडायला शिकले. त्यांच्या गाडीला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, शिकवणाऱ्याचा. दारावरच्या पाटीवर त्यांनी रंगाऱ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'तुम्ही शिका, ब्रेक आम्ही लावू.' हे वचन त्यांनी बत्तीस वर्षं तंतोतंत पाळलं. विद्यार्थी चुकला की ब्रेक, चुकेल असं वाटलं की ब्रेक, आणि बराच वेळ चुकलाच नाही तर संशय येऊन ब्रेक.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. पाटी उतरली. गाडी मात्र दारात राहिली, दोन्ही ब्रेकांसकट. मग मुलगी चालवू लागली आणि मास्तर शेजारी बसू लागले. तीन महिन्यांत मुलीने हात टेकले.

"बाबा, गाडी चालवते मी आणि थांबवता तुम्ही," ती म्हणाली. "मागच्याने दोनदा धडक दिली. आता मी नाही नेणार तुम्हाला."

चालवणारं कोणी उरलं नाही, तेव्हा गाडी विकायचं ठरलं. सोमवारी गिऱ्हाईक यायचं होतं. मास्तरांना अन्न गोड लागेना. रोज सकाळी उठून ते गाडीची काच पुसत आणि आत जाऊन शेजारच्या सीटवर बसत. चौथ्या दिवशी त्यांनी बायकोपुढे विषय काढला.

"तू शीक. मी शिकवतो. गाडी घरात राहील."

मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांपूर्वी त्या एक दिवस त्यांच्याकडे शिकल्या होत्या. घरापासून पोस्टापर्यंत मास्तरांनी चौदा वेळा ब्रेक लावला होता. पोस्टापाशी बाई उतरल्या, दार नीट लावलं आणि चालत घरी आल्या. त्यावर आजतागायत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. बाजारातून जड पिशव्या आणल्या की तेवढ्या मास्तरांच्या पायाशी आणून ठेवायच्या, इतकंच.

"शिकेन की," बाई म्हणाल्या. "पण आधी तुम्ही कुणाकडून तरी काहीतरी शिकून दाखवा. तुम्हाला मुळीच येत नसलेलं. पुरे दोन तास. शिकवणाऱ्याला शिकवायचं नाही, आवाज चढवायचा नाही आणि अर्ध्यातून निघून यायचं नाही. एवढं जमलं तर गाडी राहिली."

"इतकंच? आणि शिकू काय?"

"मुलीला ऑफिसात कूपन मिळालंय, समुद्रात लाटेवर उभं राहायला शिकवतात त्याचं. तिला नकोय ते."

मास्तर चक्क हसले. बत्तीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसलेला माणूस दोन तास एका फळीवर बसू शकत नाही? याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते त्यांना कळायला रविवार उजाडावा लागला.

रविवारी शेवटचं म्हणून मुलीने दोघांना किनाऱ्यावर सोडलं. वाटेत मास्तरांनी अवघ्या नऊ वेळा ब्रेक लावला. "गाडीचं थोडं काम आहे, करून आणते," असं म्हणून ती निघून गेली. आपण अजून हरलोही नाही आणि ही गिऱ्हाइकासाठी गाडी धुवायला निघाली, असं मनात येऊन मास्तरांचं तोंड तिथेच कडू झालं.

शिकवणारी पंचविशीची मुलगी होती. उन्हासाठी तिने नाकावर पांढऱ्या मलमाचा जाड थर दिला होता. शिष्यांना नावाने न ओळखता खुणेने ओळखायची मास्तरांची जुनी सवय. त्यांनी मनातल्या मनात तिचं नाव पांढरं नाक ठेवलं. तिने त्यांचं नाव ठेवलं काका, आणि तेही मोठ्याने. मास्तरांना त्यांचा सख्खा पुतण्यासुद्धा मास्तर म्हणत असे.

"काका, उभे राहा. तुमचा पुढचा पाय कोणता ते बघू."

"माणसाला पुढचे पाय नसतात," असं मास्तर म्हणणार होते. पण छत्रीखाली संत्रं सोलत बसलेल्या बाईंनी मान वर केली, म्हणून ते नुसते उभे राहिले. पांढरं नाक त्यांना वळसा घालून मागे गेली आणि काहीएक इशारा न देता तिने त्यांना ढकललं. मास्तर डावा पाय टाकून जेमतेम सावरले.

"डावा पुढे, उजवा मागे," ती खूश होऊन म्हणाली. "झालं काम."

हात न दाखवता मागून धडक, मास्तरांनी मनात नोंद केली. परीक्षेत इथेच नापास.

वाळूतला सराव झाला. पोटावर पडायचं, हातांनी वल्हवायचं, मग एका दमात दोन्ही पाय अंगाखाली घेऊन उभं राहायचं. बरोबर एक दातांचे डॉक्टर होते आणि दोन वेण्या घातलेली नऊ वर्षांची एक मुलगी. वेण्यावाली टुणकन उभी राहायची. दातांचे डॉक्टर हळूहळू उभे राहायचे. मास्तर आधी गुडघ्यावर यायचे, मग कमरेला हात लावायचे, मग आकाशाकडे बघायचे आणि मग उभे राहायचे. तोवर खरी लाट असती तर ती परत समुद्रात जाऊन दुसऱ्याला घेऊन आली असती.

"आता नियम," पांढरं नाक म्हणाली. "लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सगळ्यांत जवळ जो असेल, लाट त्याची. बाकीच्यांनी जाऊ द्यायचं."

मास्तरांनी समुद्राकडे पाहिलं. पाण्यात पन्नास-साठ माणसं आडवीतिडवी घुसत होती. कुणाच्या फळ्या उलट्या, कुणी एकमेकांच्या अंगावर, आणि एकजण तर चालत्या लाटेवर उभा राहून पाठीमागच्याशी गप्पा मारत होता. ना सिग्नल, ना पट्टे, ना शिट्टी. मास्तरांच्या घशात एक सबंध व्याख्यान दाटून आलं.

"काही विचारायचंय का, काका?"

छत्रीखालची मान पुन्हा वर झाली.

"नाही," मास्तर म्हणाले, आणि ते व्याख्यान घेऊनच पाण्यात उतरले.

पाणी गार होतं. घोट्याला बांधलेला दोर पायात अडकत होता. छातीएवढ्या पाण्यात पांढऱ्या नाकाने फळी धरली, मास्तर वर पालथे पडले आणि ती मागे बघत लाटेची वाट बघू लागली. मास्तरांना मागचं दिसत नव्हतं. गाडीत निदान आरसा असतो.

"आली. वल्हवा, वल्हवा. आता मी सोडतेय."

फळीला मागून जोर मिळाला. मास्तर वेगात निघाले. कसेबसे गुडघ्यावर आले, डावा पाय पुढे घेतला, उजवा मागे टेकला, आणि त्याच क्षणी फळीचं नाक वर उठलं, शेपटी खाली बुडाली, लाट खालून शांतपणे निघून गेली आणि मास्तर जागच्या जागी, बसस्टॉपवर बस चुकलेल्या माणसासारखे, उभ्याउभ्या पाण्यात गेले.

वर आले तेव्हा तोंडात समुद्र होता.

"छान," पांढरं नाक म्हणाली. "फक्त मागच्या पायावर भार पडला. परत जाऊ या."

दुसऱ्या लाटेला तेच झालं. तिसऱ्या लाटेलाही तेच, फक्त नाकातून. चौथ्या लाटेला वेण्यावाली त्यांच्या शेजारून उभी राहून सरळ वाळूपर्यंत गेली आणि जाताजाता म्हणाली, "आजोबा, घाबरू नका." घाबरू नका. हे दोन शब्द मास्तरांनी आयुष्यात किती जणांना किती मोठ्या आवाजात सांगितले असतील. पण आपल्याला कुणी सांगितले की अंगाचा तिळपापड होतो, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

सहाव्या लाटेनंतर वाळूतून सल्ले यायला लागले. सकाळपासून ज्यांनी कूससुद्धा बदलली नव्हती, अशी माणसं कोपरावर उठून मास्तरांना तोल कसा सांभाळावा ते सांगू लागली. एकाने गुडघे वाकवायला सांगितलं, दुसऱ्याने ताठ ठेवायला. आइस्क्रीमवाला गाडी थांबवून उभा राहिला. त्याने काही सांगितलं नाही, पण गिऱ्हाइकं त्याच्याभोवती जमली आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती.

"मागचा पाय हलका, काका."

"हलकाच आहे."

"शेपटी बुडतेय ना पण."

"फळीत दोष असेल. दुसरी द्या."

तिने बिनतक्रार दुसरी दिली. तिलाही तोच दोष होता. मग दातांच्या डॉक्टरांची आणली. ज्या फळीवर डॉक्टर दोन वेळा उभे राहिले होते, त्याच फळीची शेपटी मास्तरांखाली बुडाली. डॉक्टर सभ्य गृहस्थ होते, त्यांनी दुसरीकडे पाहिलं. त्याचाच मास्तरांना जास्त राग आला.

अकराव्या लाटेनंतर मास्तर पाण्यातून बाहेर आले. त्यांनी घोट्याचा दोर सोडला, फळी वाळूत टाकली आणि कपडे ठेवलेल्या खोलीच्या दिशेने चालू लागले. गाडी गेली तर गेली. लोखंडच आहे शेवटी. वाट नेमकी छत्रीवरून जात होती.

"कुठे?" बाईंनी विचारलं.

मास्तर थांबले. घड्याळ बाईंच्या मनगटावर होतं. पन्नास मिनिटं उरली होती. सोमवारी दारातून गाडी जाईल, मग सकाळी उठून काच कशाची पुसायची, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला आणि हटेना.

"पाणी प्यायला."

"इतकं पिऊन झालं की," बाई म्हणाल्या, आणि बाटली पुढे केली.

मास्तरांनी एक घोट घेतला, बाटलीचं झाकण गरजेपेक्षा जास्त घट्ट लावलं आणि परत फिरले.

पांढरं नाक त्यांची फळी उचलून गुडघाभर पाण्यात उभीच होती. ती ओरडली नव्हती. सबंध वेळात ती एकदाही ओरडली नव्हती, आणि हे मास्तरांना अतिशय गैरसोयीचं वाटत होतं. ओरडली असती तर भांडता आलं असतं. भांडण तिचं झालं असतं, करार मोडला नसता. आता इलाजच नव्हता. त्यांनी घसा खाकरला आणि बत्तीस वर्षांत कुणालाही न विचारलेला प्रश्न विचारला.

"काय चुकतंय माझं?"

"तुमचं सगळं बरोबर आहे हो काका. वल्हवणं बरोबर, पाय टाकणं बरोबर. फक्त फळीला वेग आला की तुम्ही ती थांबवता."

"कोण थांबवतं?"

"तुम्हीच. उजव्या पायाने. मागे असा कचकन दाबता."

मास्तरांनी खाली पाहिलं. पाण्यात उजवा पाय दिसत होता, पांढरा, सुरकुतलेला, आणि अगदी निरागस. बत्तीस वर्षं तो एकच काम करत आला होता. शेजारी वेग आला की दाबायचं. ते काम करताना त्याने मास्तरांना कधी विचारलं नव्हतं, आणि मास्तरांनीही त्याला कधी नको म्हटलं नव्हतं.

"याला ब्रेक असतो?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"असतो ना, तोच तो. आमच्याकडे लोकांना वर्षभर सापडत नाही. तुम्हाला पहिल्या लाटेला सापडला. तो आता लावू नका म्हणजे झालं."

लावू नका म्हणजे झालं. सांगायला काय जातं? बाराव्या लाटेला मास्तरांनी पायाला बजावलं. पायाने दाबलं. तेराव्या लाटेला त्यांनी पायाला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. पायाने दाबलं. चौदाव्या लाटेला त्यांनी दात ओठ खाऊन सगळं लक्ष पायाकडे दिलं, तर ते उभं राहायचंच विसरले. चौदा हा आकडा त्यांना कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. कुठे, ते पाण्याखाली असताना आठवलं, आणि वर यायला त्यांना नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला.

"शेवटची," पांढरं नाक म्हणाली. "वेळ झाली. ही चांगली येतेय."

लाट चांगलीच होती. फळी सुटली. मास्तर उजव्या गुडघ्यावर आले, डावा पाय पुढे टाकला आणि उजवा उचलायला गेले, तर कमरेने साफ नकार दिला. गुडघा तिथेच राहिला. आणि गुडघ्यावर असलेल्या माणसाला पाऊल दाबता येत नाही. पाऊल मागे हवेत फडफडलं, दाबायला काही मिळेना. फळी थांबली नाही. मास्तर पुढे पुढे निघाले. दातांचे डॉक्टर बाजूला झाले, दोन पोहणारे बाजूला झाले, आइस्क्रीमवाल्याने गाडी मागे घेतली. मास्तरांनी काहीही केलं नाही, कारण करण्यासारखं काही त्यांच्या हाती नव्हतं आणि पायाशीही नव्हतं. फळी वाळूला लागली ती थेट छत्रीच्या समोर. मास्तर एका गुडघ्यावर, हात पसरलेले, मान खाली, जुन्या अपराधाची माफी मागायला समुद्रमार्गे आलेल्या माणसासारखे बाईंच्या पुढ्यात येऊन थांबले.

वाळूतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी संत्र्याची फोड पुढे केली.

"उभा नाही राहिलो," मास्तर कुरकुरले.

"उभं राहा असं मी कधी म्हटलं होतं? दोन तास झाले. ओरडला नाहीत. शिकवलं नाहीत."

"म्हणजे गाडी राहिली."

"राहिली. गिऱ्हाइकाला मी कालच नको म्हणून कळवलंय."

"कालच? मग आज मी चौदा वेळा कशाला बुडालो?" मास्तरांचा आवाज चढला. बाईंनी घड्याळात पाहिलं. बारा वाजून दोन मिनिटं झाली होती, त्यामुळे तो धरला नाही.

कपडे बदलून दोघं रस्त्यावर आले. गाडी झाडाखाली उभी होती. धुतलेली नव्हती. मुलगी किल्ली आईच्या हातात देऊन, "जाते मी, मैत्रीण थांबलीय," म्हणून गेलीसुद्धा. मास्तरांच्या अंगात एकदम उत्साह संचारला. कंबर दुखायची थांबली.

"बस. आधी सीट पुढे घे. मग आरसा. मग..."

बाई बसल्या. सीट पुढे घेतली, आरसा लावला, पट्टा बांधला, गाडी सुरू केली, मागे पाहिलं, हात दाखवला आणि दोन गाड्यांच्या मधून एका फटक्यात गाडी रस्त्यावर काढली. सिगारेट ओढत उभा असलेला एक टॅक्सीवाला कौतुकाने बघत राहिला.

मास्तरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"कुणी शिकवलं?"

"चौकातल्याने."

चौकातला म्हणजे दुसरा गाडी शिकवणारा. मास्तर त्याला वीस वर्षं खाटीक म्हणत आले होते.

"केव्हा?"

"आठ महिने झाले लायसन्सला. सांगणार होते. पण तुम्ही शेजारी बसणार, आणि शेजारी बसलात की... म्हटलं आधी बघू या, जमतं का तुम्हाला."

पुढे एक ट्रक वळत होता. अजून लांब होता, पण होता. मास्तरांचा उजवा पाय सवयीने पुढे गेला आणि कचकन दाबला. पायाला नुसता रबरी पायपोस लागला. त्यांनी वाकून पाहिलं. सीटपुढे जिथे ब्रेक असायचा तिथे चार भोकं होती आणि ती गॅरेजवाल्याने नीट बुजवली होती.

"मागच्या सीटवर आहे," बाई समोर बघतच म्हणाल्या. "वर्तमानपत्रात गुंडाळलाय. टाकू नको म्हणाले मी तिला. बत्तीस वर्षांचा आहे."

गाडीचा वेग हळूहळू उतरला. ट्रकच्या बरंच अलीकडे ती थांबली, अजिबात हिसका न बसता. मास्तरांनी थांबवली नव्हती. आता काय वाटायला हवं, ते त्यांना ठरवता येईना. त्यांनी मागे हात घालून ते पुडकं घेतलं आणि मांडीवर ठेवलं. ते अपेक्षेपेक्षा हलकं होतं.

तासाभराने गाव आलं. वळणावर बाईंनी गियर जरा उशिरा बदलला. निदान मास्तरांना तसं वाटलं. त्यांनी श्वास आत घेतला, बोट वर केलं.

बाईंनी हात दाखवला, गाडी कडेला घेतली आणि उभी केली. मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. समोर पोस्ट होतं. रविवार असल्यामुळे बंद.

"काही म्हणणार होतात?" बाईंनी विचारलं. "इथून घरी चालत वीस मिनिटं लागतात. मला माहीत आहे."

मास्तरांनी बोट खाली केलं. कमरेत पुन्हा कळ आली होती आणि कानातून अजून समुद्र गळत होता.

"नाही," ते म्हणाले. "चालू दे."